काउंटरच्या अलीकडे

घरातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालं की मराठी घरात औषधांची एक पिशवी भरली जाते. तापाच्या, पित्ताच्या, जुलाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, बाम, आणि फॅमिली डॉक्टरांच्या मागे लागून लिहून घेतलेला अँटिबायोटिकचा एक कोर्स. तिकडे वेळेला डॉक्टर मिळणार नाही, ही धास्ती त्यामागे असते. त्याच घरात कुणीतरी असंही म्हणतं की, काळजी कशाला, तिकडे औषधपाणी सगळं सरकार बघतं. ब्रिटनपुरतं बोलायचं तर यातली धास्तीही अर्धी खरी आणि भरवसाही अर्धाच खरा.

श्रोतेहो, नव्या देशात आलेल्या माणसाला सरकारी आरोग्यसेवा कशी मिळते, किंवा का मिळत नाही, हा आजचा विषय. त्यासाठी ब्रिटनचं उदाहरण घेण्याला कारण आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेपेक्षा, एनएचएसपेक्षा, ते सोळा वर्षांनी मोठं. मराठी माणसं त्या देशात दीर्घकाळ राहत आली आहेत. आणि 'हा उपचार बाहेरून आलेल्याला द्यायचा का', हा प्रश्न ब्रिटनइतका उघडपणे क्वचितच कुठे विचारला गेला असेल.

एनएचएस सुरू झाली ५ जुलै १९४८ रोजी. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलमध्ये गेले आणि यकृताच्या आजाराने तिथे असलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला भेटले. ती या सेवेची पहिली रुग्ण. त्याआधी जेमतेम दोन आठवडे 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरून शेकडो माणसं घेऊन टिलबरीच्या धक्क्याला लागलं होतं. नवी सेवा आणि नवे लोक असे एकाच उन्हाळ्यात आले. पुढे त्याच बेटांवरून मुली नर्सिंगसाठी मुद्दाम बोलावल्या गेल्या, कारण वॉर्ड चालवायला माणसं पुरत नव्हती.

परदेशी पाहुण्यांनाही फुकट उपचार का, अशी ओरड सुरुवातीपासूनच होती. बेव्हन यांनी १९५२ साली लिहिलेल्या 'इन प्लेस ऑफ फिअर' या पुस्तकात तिला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, पाहुणा वेगळा काढायचा झाला तर आपण पाहुणे नाही हे प्रत्येक रहिवाशालाही सिद्ध करावं लागेल. सगळ्या देशाला खिशात ओळखपत्र घेऊन फिरावं लागेल. आणि एवढा खटाटोप करून वाचणार काय, तर किरकोळ रक्कम. बेव्हन खाणकामगाराचे चिरंजीव, स्वतःही लहानपणी खाणीत उतरलेले. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बिगररहिवाशांकडून पैसे घेण्याचा अधिकार कायद्यात १९४९ सालीच आला होता, पण १९८२ पर्यंत कोणत्याही सरकारने तो वापरला नाही. तेहतीस वर्षं हा देश बेव्हन यांच्या युक्तिवादावर चालला.

इथे थोडं आडवाटेला जायला हवं. १९३८ साली लंडनच्या फिन्सबरी या गरीब वस्तीत एक आरोग्य केंद्र उघडलं. क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, बायकांसाठी वेगळी सोय, आणि उन्हाला पारख्या झालेल्या मुलांसाठी प्रकाशोपचाराची खोली, असं सगळं एका छताखाली. इमारत वास्तुकार बर्थोल्ड लुबेटकिन यांची. पण नगरपालिकेच्या आरोग्य समितीत बसून ती कल्पना पुढे रेटणारा माणूस होता पंजाबात जन्मलेला, लाहोरला शिकलेला, १९२७ च्या सुमारास इंग्लंडला आलेला डॉ. चुनीलाल कटियाल. गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची १९३१ सालची प्रसिद्ध भेट झाली ती याच डॉक्टरांच्या कॅनिंग टाउनमधल्या घरी. पुढे ते फिन्सबरीचे महापौर झाले. एनएचएस जन्माला यायच्या दहा वर्षं आधी तिचा एक नमुना उभा करण्यात बाहेरून आलेल्या माणसाचा हात होता.

पुढेही तेच झालं. वेल्समधल्या ग्लिनकोर्ग या खाणगावात जीपी, म्हणजे सरकारी यंत्रणेतला फॅमिली डॉक्टर, असलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, हे त्यातलं निरीक्षण आज जगभर वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं जातं. त्या गरजेच्या जागी, वेल्सच्या खोऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या गिरणीगावांत, तिथल्या पदवीधरांना दवाखाना टाकायचा नव्हता. तो टाकला भारत, पाकिस्तान, श्रीलंकेतून आलेल्या डॉक्टरांनी. सर्जरी किंवा मेडिसिनमधल्या मानाच्या जागा त्यांना सहसा मिळत नव्हत्या. वृद्धांचे आणि मनोरुग्णांचे वॉर्ड आणि कोळशाच्या धुळीतली गावं मिळाली. दोन पिढ्यांचा खोकला आणि रक्तदाब त्यांनी सांभाळला. नवखा माणूस सेवेवर ओझं बनून येतो, असं म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचलेला नसतो.

आता आजची व्यवस्था. सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा मागणाऱ्याला अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. एप्रिल २०१५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. मग ४०० झाला, २०२० मध्ये ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड. विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ७७६. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांची रक्कम एकदम. तीन वर्षांच्या नोकरीवर निघालेल्या चौकोनी कुटुंबाचा हिशेब १०,८६६ पौंड होतो. रुपयांत तो दहा लाखांच्या बराच पुढे जातो, आणि व्हिसाची फी त्याहून वेगळी. काही कंपन्या हा खर्च उचलतात, काही उचलत नाहीत. ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारून घ्यायचा हा पहिला प्रश्न.

हा अधिभार अन्याय्य आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. तो भरून आलेला माणूस पहिल्या पगारापासून शेजारच्या इंग्रज माणसाइतकाच प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विमा भरतो, आणि एनएचएस चालते ती मुख्यतः या करांवर. एकाच सेवेची किंमत तो दोनदा मोजतो. मे २०२०, कोविडचा भर. आयसीयूत राबणाऱ्या परदेशी नर्सेसकडूनही हा पैसा घेतला जातो हे लोकांच्या ध्यानात आलं, गदारोळ झाला, आणि सरकारने आरोग्य व शुश्रूषा क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं. बाकीच्यांचा कायम राहिला, उलट वाढला.

पण एकदा भरला की व्हिसाच्या पहिल्या दिवसापासून हक्क जवळपास पूर्ण मिळतो. जीपी, तपासण्या, ऑपरेशन, कर्करोगाचे उपचार, बाळंतपण, कशाचंही बिल येत नाही. वंध्यत्वावरचे कृत्रिम गर्भधारणेचे उपचार मात्र २०१७ पासून इंग्लंडमध्ये यातून काढले आहेत. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात; साठीच्या पुढचे, सोळाच्या आतले, गरोदर बायका आणि गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे मधुमेही यांना माफ. वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी अनुक्रमे २००७, २०१० आणि २०११ मध्ये ही फी रद्दच केली. दातांचे पैसे पडतात, आणि सरकारी दरात काम करणारा दंतवैद्य सापडणं हल्ली स्थानिकांनाही जड जातं. निघण्याआधी दाढा दाखवून घ्याव्यात, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे अगदी रास्त आहे.

मात्र हक्क असणं आणि तो हातात पडणं यांच्यामध्ये एक काउंटर असतो.

ब्रिटनमध्ये आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायचा नसतो. बरं असतानाच जीपीकडे नाव नोंदवून ठेवायचं असतं. आपल्याकडे पोटात दुखलं तर माणूस थेट पोटाच्या डॉक्टरकडे जातो, गुडघा दुखला तर हाडांच्या. तिथे जीपीच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाचं दार सहसा उघडत नाही. म्हणून नाव नोंदवणं हे बँक खात्याच्याही आधीचं काम. इंग्लंडमधला नियम याबाबत उदार आहे. ज्या परिसरात राहता तिथल्या दवाखान्यात एक फॉर्म भरायचा. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, व्हिसा यांपैकी काहीही दाखवणं सक्तीचं नाही. दवाखाना ते मागू शकतो, पण नाही म्हणून परत पाठवू शकत नाही. नाकारायचंच असेल तर वाजवी कारण हवं, आणि ते चौदा दिवसांत लेखी कळवायला हवं.

नियम असा असूनही घडतं काय? एका शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२१ साली ब्रिटनमधल्या शहरांत दवाखान्यांना विचारून पाहिलं. कागदपत्रं नसलेल्याचं नाव नोंदवू, असं म्हणणारे चौथाईही नव्हते. यात दुष्टपणा थोडा आणि अज्ञान फार. रिसेप्शनवरच्या बाईंना कुणी नियम सांगितलेला नसतो. छापील यादीत 'वीजबिल' लिहिलेलं असतं, म्हणून त्या वीजबिल मागतात. नवखा माणूस एखाद्या खोलीत पाचजणांबरोबर राहतो, वीजबिल घरमालकाच्या नावावर, बँक खातं उघडायला पत्ता लागतो आणि पत्त्याला बँकेचं पत्र. तो मान खाली घालून निघून येतो आणि पुढचे सहा महिने औषधांच्या पिशवीवर काढतो. भांडायचं कुठल्या जोरावर हे त्याला माहीत नसतं, कारण नियम त्याच्या बाजूचा आहे हेच त्याला माहीत नसतं. सरकारी खर्चाने साऱ्या दुनियेच्या पाट्या लागतात. ही एक पाटी प्रत्येक विमानतळावर लावायला काय हरकत आहे?

नाव नोंदलं की सवयींची पाळी येते. सकाळी आठला फोन लावायचा, कारण त्या दिवसाच्या वेळा आठला सुटतात. भेट दहाएक मिनिटांची. सर्दीतापाला डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आठवड्यात उतरला नाही तर या, असं सांगतात, आणि आपला माणूस घरी फोन करून सांगतो की, इथे बघतच नाहीत. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, अँटिबायोटिकही नाही. वास्तविक विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक न देणं हाच योग्य उपचार आहे, आणि आपल्याकडे त्यांचा जो सुळसुळाट झाला आहे त्याची किंमत आपण मोजतो आहोतच. पण तक्रारीत तथ्य मुळीच नाही असंही नव्हे. तज्ज्ञाकडे चिठ्ठी गेल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हे तिथलं ठरलेलं उद्दिष्ट. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडची प्रतीक्षायादी ७७ लाख नोंदींच्या वर गेली होती. गुडघ्यासाठी वर्षभर थांबलेला इंग्रज आणि गुडघ्यासाठी वर्षभर थांबलेला नागपूरकर, दोघं एकाच रांगेत असतात. फरक इतकाच की नागपूरकराला रजा टाकून नागपूरला जाऊन ऑपरेशन करून येण्याची वाट असते, आणि पुष्कळजण तेच करतात.

काही वाटा नवख्याला ठाऊक नसतात म्हणून वाया जातात. १११ हा फोन चोवीस तास चालतो. तिथली व्यक्ती प्रश्न विचारून कुठे जायचं ते सांगते. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधला औषधविक्रेता घसादुखी, कानदुखी, बायकांचा लघवीचा साधा संसर्ग अशा सात तक्रारींवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, गरज पडली तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो. दुभाषा मागता येतो, तोही फुकट. सासूबाईंच्या अंगावरून जातंय हे दहा वर्षांच्या नातवाला इंग्रजीत सांगायला लावण्याची वेळ कुणावर येऊ नये, आणि कायद्याने ती येण्याची गरजही नाही. आणि ब्रँडची नावं तिथे उपयोगी पडत नाहीत: गोळीतल्या औषधाचं मूळ नाव, मात्रा, जुने रिपोर्ट, मुलांच्या लसींची नोंदवही एवढं सामानात असलं की पहिली भेट सार्थकी लागते.

बाळंतपण हा या सगळ्यातला सुखाचा भाग. अधिभार भरलेल्या बाईला थेट सुईणीकडे नाव नोंदवता येतं. सगळं सुरळीत असेल तर तपासण्यांपासून प्रसूतीपर्यंत प्रशिक्षित सुईणीच सगळं पाहतात. डॉक्टर गुंतागुंत झाली तरच येतो. गरोदरपणात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं आणि दात दोन्ही फुकट. बाळाला घेऊन घरी आलं की सुईण घरी येते, मग हेल्थ व्हिजिटर येते, अंगावर पाजणं नीट होतंय ना बघते, आईच्या मनाची चौकशी करते. माहेर दूर असलेल्या मुलीला हा मोठा आधार असतो.

आणि नेमकी याच वेळी माहेरहून आई येते. डिंकाचे लाडू, अळीव आणि सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा घेऊन. मुलीला सगळं फुकट, म्हणून आईलाही असणार, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे आणि महागात पडते. पाहुणी म्हणून आलेल्या आईने अधिभार भरलेला नसतो, आणि भारत-ब्रिटन यांच्यात परस्पर उपचारांचा करार नाही. जीपीने तपासलं तर पैसे नाहीत. अपघात विभागात नेलं तर तिथल्या उपचारांचे पैसे नाहीत. पण तिथून वरच्या वॉर्डात दाखल केलं की त्या क्षणापासून मीटर सुरू, आणि दर एनएचएसच्या नेहमीच्या दराच्या दीडपट. जीव वाचवणारा उपचार पैशासाठी अडवता येत नाही. बिल मागाहून येतं. तातडीचं नसेल तर २०१७ पासून आधी पैसे, मग उपचार. ५०० पौंडांवरचं बिल दोन महिने थकलं तर गृहखात्याला कळवलं जातं, आणि पुढचा व्हिसा त्यावर अडू शकतो. साठी ओलांडलेल्या, बीपी-शुगर असलेल्या आईला विमानात बसवण्याआधी जुन्या आजारांसकट संरक्षण देणारा प्रवासविमा काढणं, ही लाडवांच्याही आधीची तयारी आहे. विम्याच्या अर्जात शुगर लपवणारे बरेच असतात. दावा फेटाळला जातो तो तिथेच.

इथवरची गोष्ट कागद असलेल्यांची. पण कागद तपासायला बसवलेली व्यवस्था कागद असलेल्यालाही सोडत नाही, हे २०१८ साली ब्रिटनने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. जमैकाहून १९७३ साली पोरवयात आलेला, चाळीसहून अधिक वर्षं लंडनमध्ये राहिलेला, कष्ट करून कर भरलेला एक त्रेसष्ट वर्षांचा माणूस कर्करोगाच्या रेडिएशनसाठी इस्पितळात गेला. आपण इथलेच असल्याचा कागद त्याला दाखवता येईना. त्याला सांगण्यात आलं, ५४,००० पौंड आधी भरा. विंडरश जहाजापासून पुढे कॅरिबियन बेटांवरून आलेल्या पिढीतल्या अशा शेकडो कहाण्या त्या वसंतात बाहेर आल्या आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. बेव्हन यांनी १९५२ साली लिहिलं होतं त्याचा पुरावा इतका क्रूर असेल, असं कुणाला वाटलं नसेल.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आली. जानेवारी २०१७ पासूनच्या एका करारानुसार एनएचएसकडे रुग्णांनी दिलेले पत्ते गृहखात्याला पुरवले जात होते, बेकायदा राहणाऱ्यांचा माग काढण्यासाठी. स्वतः जीपी राहिलेल्या खासदार सारा वोलास्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ते थांबवा म्हटलं, डॉक्टर आणि संघटना उठल्या, आणि २०१८ संपण्याआधी करार मागे घेतला गेला. पण दवाखान्यात सांगितलेला पत्ता पोलिसापर्यंत जातो, ही बातमी एकदा वस्तीत पोचली की करार रद्द झाल्याची बातमी तिच्यामागे तितक्या वेगाने जात नाही. गरोदर बाई सातव्या महिन्यापर्यंत तपासणीला येत नाही ती या भीतीपोटी.

कागद मागितला की माणूस उपचारापासून दूर राहतो, हे खरं तर या व्यवस्थेला स्वतःलाही कळतं. क्षयरोगाचंच बघा. भारतातून दीर्घ मुदतीसाठी निघालेल्याला मुंबईसारख्या शहरातल्या ठरवून दिलेल्या केंद्रावर छातीचा एक्स-रे काढून क्षय नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तिथे पोचल्यावर सोळा ते पस्तीस वयाच्या नवागतांची सुप्त क्षयासाठी रक्ततपासणी करण्याची योजना २०१५ पासून आहे. आणि कुणालाही, अगदी कोणताच कागद नसलेल्यालाही, क्षयाचे उपचार फुकट आहेत. एचआयव्हीचे २०१२ पासून फुकट आहेत. जानेवारी २०२० मध्ये कोविड त्या यादीत आला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने जाहीर केलं की लस घ्यायला येणाऱ्याचा व्हिसा कुणी तपासणार नाही. संसर्ग आपल्या घरात शिरू शकतो हे दिसलं की कागद बाजूला ठेवता येतो. स्तनातली गाठ किंवा वाढलेला रक्तदाब शेजाऱ्याला होत नाही, म्हणून तिथे तो पुन्हा मागितला जातो. याला वैद्यकीय आधार काही नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजांनी बाहेरून आलेल्या रुग्णांसाठीचे हे शुल्कनियम स्थगित करण्याची एकत्रित मागणी केली. पुढच्या मार्चमध्ये सगळ्या वैद्यकीय कॉलेजांच्या शिखरसंस्थेने तिला दुजोरा दिला. नियम अजून जागेवर आहेत. तोवर 'डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड' या संस्थेने दुसऱ्या टोकाने काम सुरू केलं आहे. मंत्र्यांऐवजी ती रिसेप्शनवरच्या कर्मचाऱ्यांना गाठते, नोंदणीचा खरा नियम काय आहे याचं प्रशिक्षण देते, आणि इथे कागदपत्रांशिवाय नाव नोंदवलं जाईल, अशी पत्रकं अनेक भाषांत दवाखान्यांना देते. या 'सेफ सर्जरीज' उपक्रमात एकेक दवाखाना स्वेच्छेने सामील होतो.